थांबविण्याची कळ



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, संतवाङ्मय ऐकता, आणि देशाच्या कारभारावरची भाषणे तर दरवर्षी ऐकताच. अशा ठिकाणी विजेच्या मोटारीच्या एका लाल बटणावर तासभर बोलावयाचे ठरविले, तेव्हा ऐकावयास कोण येणार असे मला पुष्कळांनी विचारले. पण ज्या गावाला पहाटे पाण्याच्या मोटारीच्या घुमण्याने जाग येते, ज्याच्या गल्लीत दुपारी पिठाची गिरणी चालते, कापसाच्या दिवसांत जिनिंगची घरघर ऐकू येते आणि ज्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस पोलादाच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, त्या जालन्याला हा विषय परका म्हणता येणार नाही. या सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी निम्म्यांच्या घरची चूल कोणत्या ना कोणत्या मोटारीवर पेटत असेल.

कळ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. कळ म्हणजे यंत्र चालविणारी युक्ती. कळ म्हणजे अंगातली वेदना. आणि कोणी कळ लावली म्हणजे दोन शेजाऱ्यांत भांडण. हे तिन्ही अर्थ आजच्या विषयात कोठे ना कोठे भेटतील. पण आधी मला दोन प्रकारच्या थांबण्यांत फरक करावयाचा आहे. दळण संपले, गिरणीवाल्याने बटण दाबले, पट्टा सावकाश थांबला; हे एक थांबणे. दळण चालू असताना कोणाच्या उपरण्याचे टोक पट्ट्यात गेले, आणि 'बंद कर, बंद कर' असा ओरडा झाला. हे दुसरे थांबणे. बटण तेच, मोटार तीच, पण या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्या थांबण्यात आपण यंत्राला सांगतो, आणि यंत्र आपल्या सवडीने ऐकते. दुसऱ्यात यंत्राच्या सवडीचा प्रश्नच येता कामा नये. आता मोटारी संगणकाच्या हुकमतीखाली जाऊ लागल्या आहेत, आणि संगणकाच्या कळफलकावरील एखादी कळ 'आणीबाणीची' म्हणून नेमून दिली की काम झाले असे पुष्कळ ठिकाणी समजले जाते. ते काम झालेले नसते, आणि का झालेले नसते, तेच मला आज सांगावयाचे आहे.

जुन्या, ओळखीच्या यंत्रापासून सुरुवात करू. विहिरीवरच्या खोलीत भिंतीला लोखंडी पेटी असते. तिला आपण स्टार्टर म्हणतो. तिच्यावर एक हिरवे बटण आणि एक लाल. हिरवे दाबले की आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज जाते. वेटोळे लोहचुंबक बनते. ते चुंबक तीन पट्ट्या खाली ओढून धरते आणि मोटारीला तिन्ही फेज मिळतात. आता गंमत पहा. हिरव्या बटणावरचे बोट आपण काढतो, तरी मोटार चालूच राहते. कारण पट्ट्या ओढल्या गेल्या त्याच वेळी एक छोटी चौथी पट्टीही मिटली, आणि तिच्यातून वेटोळ्याला स्वतःपुरती वीज मिळू लागली. चुंबक स्वतःला स्वतःच धरून ठेवते. लाल बटण काय करते? काहीही सांगत नाही, कोणाला विचारीत नाही. ते या धरून ठेवणाऱ्या वाटेतच बसलेले असते, आणि दाबले की वाट तुटते. चुंबक मेले, पट्ट्या सुटल्या, मोटार बंद.

या साध्या पेटीत आणखी एक शहाणपण आहे, आणि ते आपल्या ध्यानात क्वचित येते. मध्येच लाइट गेली तर चुंबक सुटते. आणि लाइट परत आली तरी ते आपोआप धरत नाही. कोणीतरी माणसाने जाऊन पुन्हा हिरवे बटण दाबावे लागते. ज्याने ही पेटी प्रथम कल्पिली त्याला माहीत होते की अंधारात, यंत्र बंद आहे असे समजून, माणूस हात घालतो. वीज परत येण्याची वेळ त्या माणसाला ठाऊक नसते.

आता आपल्याकडची स्थिती घ्या. शेतीच्या पंपाला थ्री-फेज वीज ठराविक तासच, आणि वर्षानुवर्षे पुष्कळदा रात्रीच मिळत आली. कडाक्याच्या थंडीत, विंचूकाट्यातून मध्यरात्री विहिरीवर कोण जाणार? म्हणून शेतकऱ्याने युक्ती काढली. स्टार्टरला 'ऑटो' बसविला. लाइट आली की काही सेकंदांनी तो आपण होऊन हिरवे बटण दाबल्याचे काम करतो. मी या युक्तीला नावे ठेवणार नाही. ज्याने रात्री दोन वाजता बांधावरून चालत जाऊन मोटार चालू केली आहे, त्याला शहरातल्या माणसाने सुरक्षिततेचे व्याख्यान देऊ नये. पंप विहिरीत असतो, त्याच्याजवळ माणसाचा हात बहुधा नसतो. पण तोच ऑटो जेव्हा कडबाकुट्टीच्या मोटारीवर बसतो, किंवा एकाच स्टार्टरवर आळीपाळीने पंप आणि कुट्टी चालविली जाते, तेव्हा गोष्ट निराळी होते. कुट्टीत कडबा अडकला, लाइट गेली म्हणून बाई तो काढावयास बसली, आणि लाइट आली. त्या पेटीतले शहाणपण आपणच काढून टाकलेले असते. पंपाला ऑटो, कुट्टीला नाही, एवढा एकच नियम घराघरांत पाळला गेला तरी पुष्कळ हात वाचतील.

लाल बटणामागचे तत्त्व विजेच्या आधीचे आहे. ते आपल्याला रेल्वेने दिले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या रेल्वेने जालना मनमाडशी जोडले, तेव्हापासून आपण गाडीच्या डब्यातील साखळी पाहत आलो आहोत. ती ओढली म्हणजे नेमके काय होते? पुष्कळांची समजूत अशी की ड्रायव्हरजवळ घंटा वाजते आणि तो गाडी थांबवितो. एकोणिसाव्या शतकात विलायतेत अशी दोरी खरोखरच होती. डब्याबाहेरून दोरी नेलेली असे, ती ओढली की घंटा वाजावी अशी अपेक्षा असे. दोरी ढिली पडे, अडके, तुटे. शिवाय घंटा ऐकून निर्णय घेणारा माणूस मध्ये होताच. आजची साखळी तसे काही करीत नाही. ती गाडीच्या ब्रेकच्या नळीचे तोंड उघडते. नळीतला हवेचा दाब उतरतो आणि ब्रेक लागू लागतात. ड्रायव्हरला ते काट्यावरून कळते. अगोदर कृती, मग निरोप.

ही कल्पना जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाची. त्याने १८६९ साली हवेचा पहिला ब्रेक काढला, त्यात इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागत. पण गाडीचे दोन तुकडे झाले, नळी फुटली, तर मागच्या डब्यांना हवाच पोचत नसे. ज्या वेळी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, त्याच वेळी ब्रेक नाही. १८७२ मध्ये त्याने सगळी रचना उलटी केली. आता हवेचा दाब ब्रेकला सोडवून धरतो, आणि दाब गेला की ब्रेक लागतात. नळी फुटली, डबा सुटला, साखळी ओढली, काहीही झाले तरी गाडी थांबण्याकडेच जाते. चालत राहण्यासाठी सर्व काही ठीक असावे लागते. थांबण्यासाठी काहीच ठीक असण्याची गरज नसते.

साखळीविषयी आणखी एक गोष्ट प्रवाशांनी पाहिली असेल. साखळी ओढली गेली की रेल्वेचा माणूस खाली उतरून त्याच डब्यापाशी जातो, तेथली कळ हाताने पूर्ववत करतो, आणि मगच गाडी हलते. साखळी सोडून दिली म्हणून गाडी आपोआप निघत नाही. जेथे संकट कळविले गेले, तेथे कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजे. कारखान्यातले लाल रंगाचे, पिवळ्या पार्श्वभूमीवरचे, छत्रीच्या आकाराचे बटण आपण पाहिले असेल. ते दाबले की आत अडकून बसते, पिळल्याशिवाय वर येत नाही, आणि वर आले तरी यंत्र लगेच चालू होता कामा नये, ते पुन्हा वेगळ्या बटणानेच चालू व्हावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. साखळीचाच नियम.

आता संगणकाकडे येऊ. आपल्याकडे सागवानी दरवाजांवर, देवघरांवर नक्षी कोरणारी यंत्रे छोट्या दुकानांतही आली आहेत. एक टेबल, त्यावर तीन दिशांना सरकणारा सांगाडा, त्याला फिरते पाते, आणि बाजूला एक साधा संगणक. पूर्वी जे काम सुताराच्या मनगटात होते ते आता संगणकातल्या आज्ञावलीत आहे. ही आज्ञावली मोटारींना किती सरकावयाचे, किती वेगाने, हे सांगते. त्यासाठी अनेक सॉफ्टवेअर आहेत. त्यांपैकी एक, लिनक्स-सीएनसी नावाचे, फुकट मिळते. त्याचे मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामात आहे. त्याच्या नेहमीच्या पडद्यावर एफ-१ ही कळ आणीबाणीसाठी नेमलेली आहे, एफ-२ यंत्र सज्ज करण्यासाठी, आणि एस्केप चालू काम थांबविण्यासाठी. दुसऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये कोणती कळ नेमावयाची ते मालकाने ठरवावयाचे असते.

समजा दुकानदाराने अशी कळ नेमली. तो ती दाबून पाहतो, पाते थांबते, तो खूश होतो. आता त्या दाबण्याचा प्रवास आपण पावलापावलाने पाहू. बोटाने कळ दाबली. कळफलकातल्या छोट्या चकतीने ती ओळखली. वायरीतून संगणकाला निरोप गेला. संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याने, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीने, तो घेतला आणि विचारले, हा निरोप कोणत्या खिडकीसाठी? पडद्यावर जी खिडकी पुढे असेल तिला तो मिळतो. यंत्राची खिडकी पुढे असेल तर ठीक. पण नक्षीला तीन तास लागतात. तेवढ्यात मुलाने गाणी लावली आहेत, किंवा कोणी गिऱ्हाइकाला नमुना दाखविण्यासाठी चित्र उघडले आहे. मग आणीबाणीची कळ गाण्याच्या खिडकीला जाते, आणि तिला त्या कळीचा अर्थ वेगळाच असतो किंवा अजिबात नसतो. पाते चालूच. पुढे, खिडकी बरोबर असली तरी आज्ञावलीने तो निरोप वाचला पाहिजे, मग बाहेर विद्युत्संकेत पाठविला पाहिजे, मोटारीच्या चालकपेटीने तो मानला पाहिजे. इतक्या पायऱ्यांपैकी एक जरी बसली तरी कळ दाबणारा माणूस पुन्हापुन्हा दाबत राहतो. आणि काही ठिकाणी तीच कळ एकदा दाबली की थांबविते आणि दुसऱ्यांदा दाबली की मोकळे करते. घाबरलेला माणूस मोजून एकदाच दाबील असे कोण म्हणेल? लिनक्स-सीएनसीमध्ये मोकळे झाल्यावरही यंत्र सज्ज करावयास दुसरी कळ लागते, हे त्याच्या कर्त्यांचे शहाणपण. सगळीकडे ते असेलच असे धरून चालू नये.

शिवाय संगणक गोठतो. हा अनुभव बँकेच्या खिडकीसमोर रांगेत उभे असताना आपण सर्वांनी घेतला आहे. तेथे फक्त वेळ जातो.

मग काय करावे? कळफलकावरची कळ काढून टाकावी असे मी म्हणत नाही. काम चुकीच्या दिशेने चालले, पाते बोथट झाले, नक्षी एक बोट सरकली, अशा वेळी ती फार उपयोगाची. ती साध्या थांबण्याची कळ आहे. तिला तेवढाच मान द्यावा. आणीबाणीचे बटण मात्र वेगळे, टेबलाच्या कडेला, हात सहज पोचेल तेथे, आणि त्याची तार संगणकाकडे नव्हे तर मोटारींच्या विजेच्या वाटेतल्या कॉन्टॅक्टरकडे जावयास हवी. बटण दाबले की संगणकाच्या मनात काय आहे याची पर्वा न करता वीज तुटते. मग दुसऱ्या तारेने संगणकालाही कळवावे की बाबा, आम्ही थांबलो आहोत, तूही आपले गणित थांबव. नाहीतर तो आपल्या कल्पनेत नक्षी कोरीत पुढे जातो, आणि वीज परत दिली की सांगाडा कोठल्या कोठे धावतो. सॉफ्टवेअरमध्ये बटण 'जोडावयाचे' ते एवढ्यासाठी.

हे जोडताना एक प्रश्न विचारला जातो: बटणाच्या तारेत वीज असणे म्हणजे संकट, की नसणे म्हणजे संकट? सॉफ्टवेअरच्या एका चौकटीत खूण केली की हा अर्थ उलटतो. वेस्टिंगहाउसची गोष्ट आठवा. तारेत सदैव वीज असावी, आणि ती तुटली म्हणजे थांबावे, हेच बरोबर. उलट ठेवले तर उंदराने कुरतडलेली तार महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. बटण दिसते, चकाकते, आणि दाबले तर काहीच होत नाही. बरोबर ठेवले तर उंदराने तार कुरतडली त्याच क्षणी यंत्र थांबते, मालक वैतागतो, तार बदलतो. वैताग आला म्हणून चौकटीतली ती खूण उलटी करणारे कारागीर असतात. हा त्या खुणेचा सर्वांत वाईट उपयोग.

संगणक गोठण्यावर एक सुंदर उपाय आहे. चांगली सॉफ्टवेअर बाहेरच्या पेटीकडे सेकंदाला हजारो वेळा एक ठोका पाठवीत राहतात. ठोके येत आहेत तोवर पेटी मोटारींना वीज देते. संगणक गोठला, ठोके थांबले, की पेटी स्वतःच वीज तोडते. वैद्य नाडीवर बोट ठेवतो तसेच हे. आणि नाडी लागली नाही तर पेटी कोणाला विचारीत बसत नाही.

सुरक्षितता सर्वस्वी सॉफ्टवेअरवर सोडली म्हणजे काय होते, याचे उदाहरण सर्व जगातल्या अभियंत्यांना शिकविले जाते. थेराक-२५ नावाचे कर्करोगावर किरण सोडणारे यंत्र होते. त्याच्या आधीच्या यंत्रांत चुकीची मात्रा जाऊ नये म्हणून विजेच्या तारांचे, प्रत्यक्ष अडसर होते. थेराक-२५ मध्ये ते काढून ते काम सॉफ्टवेअरकडे दिले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात सहा रोग्यांना भयंकर मोठी मात्रा गेली. काहींचा त्यात मृत्यू झाला. आज्ञावलीतले काही दोष जुन्या यंत्रातही होते. तेथे प्रत्यक्ष अडसर असल्यामुळे ते कोणाला मारू शकले नाहीत, म्हणून कोणाला दिसलेही नाहीत. दुकानातल्या नक्षीच्या यंत्राची आणि या यंत्राची तुलना कोणाला मोठी वाटेल. पण काढून टाकलेला अडसर ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे.

आता इतका वेळ 'वीज तोडा, वीज तोडा' असे म्हणत आलो. पण आपल्या औद्योगिक वसाहतीत येऊन हेच आंधळेपणाने केले तर अनर्थ होईल. जालन्यात भंगार वितळवून त्याच्या सळया काढणारे कारखाने आहेत. त्यांच्या भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते. नळीतून जोरदार वीज वाहते, आणि तिच्या आतून थंड पाणी फिरते. भट्टीची वीज तोडली तरी आतले पोलाद सोळाशे अंशांच्या आसपास तापलेले, वितळलेलेच असते. लाल बटणाने पाण्याचा पंपही बंद झाला तर वेटोळे जळेल, पाणी वितळलेल्या धातूवर जाईल आणि स्फोट होईल. म्हणून तेथे भट्टीची वीज जावी, पाणी मात्र चालू राहावे. इतकेच नव्हे तर गावाची लाइट गेली तरी पाणी चालू राहील अशी दुसरी सोय असावी लागते. तसेच भंगार उचलणारे विद्युच्चुंबक. त्याची वीज तोडा, आणि त्याने धरलेले सगळे भंगार खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर. आणि लाटण यंत्र, म्हणजे रोलिंग मिल: तिच्या जड चाकात इतका वेग साठलेला असतो की वीज गेल्यावरही ते फिरतच राहते. तेथे वीज तोडण्यापेक्षा मोटारीनेच चाकाला आवर घालून, वेग उतरवून, मग वीज तोडणे अधिक लवकर थांबविते. मानकात म्हणूनच थांबण्याचे प्रकार सांगितले आहेत: एक, ताबडतोब वीज तोडणे, दुसरा, आवरून मग तोडणे, आणि तिसरा, आवरून वीज तशीच ठेवणे. आणीबाणीला पहिले दोनच चालतात. कोणते यंत्र कोणत्या प्रकाराने थांबवावे, हे ठरविण्यासाठी त्या यंत्राजवळ उभे राहून विचार करावा लागतो. सॉफ्टवेअरच्या यादीतून कळ निवडणे हे त्या विचाराचे शेवटचे टोक आहे.

कडबाकुट्टीकडे पुन्हा वळू, कारण तेथे थांबणेही पुरेसे नाही. कडब्याला आत ओढणारे दोन दातेरी रूळ असतात. त्यांत बोटे गेली आणि यंत्र नुसते थांबविले, तर हात तेथेच चिमटून राहतो. म्हणून चांगल्या कुट्टीला एक दांडा असतो, ज्याने रूळ उलटे फिरतात. हा दांडा गंजलेला, तारेने बांधून टाकलेला मी पाहिला आहे. घरी कुट्टी असेल त्यांनी तो हलतो का हे पाहावे.

आणि सर्वांत कडू गोष्ट. समजा यंत्र सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने आत ओढते. बोट अडकल्यावर ओरडून, कोणी ऐकून, धावत जाऊन बटण दाबीपर्यंत एकच सेकंद लागला असे धरा. तेवढ्यात अर्धा मीटर, म्हणजे बोटांपासून कोपरापर्यंतचा हात आत गेला. बटण कितीही चांगले असले तरी ते दुसरा बचाव आहे. पहिला बचाव म्हणजे हात तेथे पोचताच कामा नये. हरितक्रांतीच्या काळात मळणीयंत्रे गावोगाव गेली आणि पेंढ्या आत सारताना असंख्य शेतमजुरांचे हात गेले. त्यातून १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा केला, आणि मळणीयंत्राचे पेंढी सारण्याचे तोंड लांब असावे, त्याचा आतला भाग वरून झाकलेला असावा, असे ठरले. भारतीय मानकात ते तोंड निदान ९०० मिलिमीटर लांब आणि त्यातील ४५० मिलिमीटर झाकलेले असावे असे माप दिले आहे. हे माप कोठून आले? माणसाच्या हाताच्या लांबीवरून.

कारखान्यांपुरते बोलावयाचे तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चोविसाव्या कलमात प्रत्येक कामाच्या खोलीत संकटसमयी वीज तोडण्याचे साधन असावे, असे स्पष्ट लिहिले होते. आणि असे साधन चुकून 'चालू'कडे सरकण्यासारखे असेल तर ते कुलूपबंद करता यावे, असेही त्याच कलमात होते. संगणक तेव्हा या देशातल्या कारखान्यांत नव्हते. तरी विचार नेमका तोच.

राहिला शेवटचा भाग, आणि तो तारांचा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या जांब गावच्या समर्थांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. लग्नात 'सावधान' हा शब्द ऐकला आणि ते बोहल्यावरून निघून गेले. मांडवातल्या सगळ्यांनी तोच शब्द ऐकला होता; निघाले ते एकटे. कारखान्याच्या भिंतीवर 'सुरक्षितता प्रथम' असे लिहिलेले असते. तेही असेच सगळे ऐकतात. पण लाल बटणापाशी उभा असलेला मजूर वेगळाच हिशेब करीत असतो. रोलिंग मिल मध्येच थांबली तर तापलेली सळई रुळांत थंड होते, ती कापून काढावी लागते, तासन् तास उत्पादन बुडते. बटण दाबले आणि नंतर कळले की धोका नव्हताच, तर मुकादम काय म्हणेल? पाळी कापली जाईल का? उद्या कामावर घेतील का? कंत्राटी मजूर, त्यातून परप्रांतातून आलेला. मराठी नीट समजत नाही, आणि हे बटण आपण दाबावयाचे की फक्त साहेबाने, हेही त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याचा हात एक क्षण थबकतो. तो क्षण कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येत नाही.

म्हणून मालक मंडळींना माझे सांगणे असे की, बटण दाबणाऱ्याला त्या दाबण्याबद्दल कधीही, खोटा इशारा ठरला तरी, एक शब्द बोलू नये; आणि हे पाळी सुरू होताना सर्वांदेखत, त्याच्या भाषेत सांगावे. खोट्या इशाऱ्यांचा कंटाळा येऊन बटणाच्या दोन टोकांवर तारेचा तुकडा टाकून ते निकामी करणारा वायरमन कोणाकोणाकडे असेल. त्याला दोष देण्याआधी इतके खोटे इशारे का येत होते ते शोधावे. बहुधा एखादी ढिली तार, एखादी ओल लागलेली पेटी सापडते.

आणि बटण दाबून पाहावे. आठवड्यातून एकदा, काम सुरू होण्यापूर्वी, मोटार रिकामी फिरत असताना. संगणकावर यंत्राची खिडकी मागे टाकून, गाणे लावून, मग दाबून पाहावे. लाइट घालवून परत आणावी, आणि यंत्र आपण होऊन सुरू होते का ते लांबून पाहावे. बटण वर पिळले की काय हलते, तेही पाहावे. या सर्व तपासणीला चहा प्यावयास लागतो तेवढाच वेळ लागतो.

मी बरोबर एक स्टार्टर आणि दोन लाल बटणे आणली आहेत. एक बरोबर जोडलेले, आणि एक तारेच्या तुकड्याने निकामी केलेले. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ज्यांना उघडून पाहावयाची असतील त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर या टेबलापाशी यावे. विशेषतः ज्यांच्या घरी कडबाकुट्टी आहे त्या भगिनींनी मागे राहू नये.